द्वैती ताऱ्यांचा ध्रुवित प्रकाश: ठिपक्यातून उलगडणारी तबकडी

आकाशातील तारा मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा ठिपक्यासारखाच दिसतो. हा ठिपका एकाच ताऱ्याचा आहे की परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचा, त्यांच्याभोवती वायूची वा धुळीची तबकडी आहे की नाही, आणि असल्यास ती कोणत्या बाजूला कललेली आहे, हे साध्या छायाचित्रावरून समजत नाही. या प्रश्नांची उत्तरे मिळवण्याच्या ज्या मोजक्या पद्धती खगोलशास्त्रज्ञांना उपलब्ध आहेत, त्यांत ध्रुवणमापनाला महत्त्वाचे स्थान आहे. ताऱ्याकडून येणारा प्रकाश किती तेजस्वी आहे याबरोबरच त्या प्रकाशलहरींची कंपने कोणत्या दिशेने अधिक आहेत, हेही या पद्धतीत मोजले जाते. द्वैती ताऱ्यांच्या बाबतीत ही दिशा आणि तिचे प्रमाण कक्षेतील भ्रमणाबरोबर बदलत राहते. त्या बदलांतून कक्षेचा कल निश्चित करता येतो. कल कळल्याखेरीज ताऱ्यांचे खरे वस्तुमान कळत नाही आणि वस्तुमान कळल्याखेरीज ताऱ्याचे आयुष्य, त्याची उत्क्रांती व त्याचा शेवट यांविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. ध्रुवणाच्या अतिसूक्ष्म मोजमापाला एवढे मोल येते ते यामुळेच.

ध्रुवण म्हणजे काय?

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. तिची कंपने लहरीच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात होतात. सर्वसाधारण प्रकाशात ही कंपने सर्व दिशांना सारख्याच प्रमाणात असतात. त्यांपैकी एखाद्या दिशेचे प्राबल्य झाले, की तो प्रकाश अंशतः ध्रुवित झाला असे म्हणतात. सूर्यप्रकाश हवेतील रेणूंवर आदळून विखुरला जातो तेव्हा असेच घडते. सूर्यापासून ९० अंशांवर असलेल्या निळ्या आकाशाकडे ध्रुवक काचेतून पाहिले आणि ती काच फिरवली, तर आकाश कमी-अधिक उजळ होताना दिसते.

ताऱ्यांच्या परिसरात प्रकाश विखुरण्याचे काम प्रामुख्याने दोन घटक करतात. तप्त ताऱ्यांभोवतीच्या वायूतील मुक्त इलेक्ट्रॉन हा पहिला घटक होय, तर तरुण, तुलनेने थंड ताऱ्यांभोवतीचे धूलिकण हा दुसरा. तारा गोल असेल आणि त्याभोवतीचे द्रव्य सर्व बाजूंना सारखेच पसरलेले असेल, तर प्रत्येक बाजूकडून येणाऱ्या ध्रुवित प्रकाशाला दुसऱ्या बाजूचा प्रकाश निष्प्रभ करतो आणि निव्वळ ध्रुवण शून्य राहते. द्रव्य तबकडीच्या रूपात एकाच पातळीत जमा झालेले असेल, तर मात्र हा समतोल बिघडतो. विरळ तबकडीत प्रकाश बहुधा एकदाच विखुरतो. अशा वेळी ध्रुवणाची दिशा तबकडीच्या पातळीला लंब असते. म्हणजेच ध्रुवणाची दिशा मोजली, की कधीही प्रत्यक्ष न दिसलेली तबकडी आकाशात कोणत्या रेषेत पसरली आहे, हे सांगता येते. काही तप्त ताऱ्यांच्या बाबतीत व्यतिकरणमापकाच्या साहाय्याने तबकड्यांचे आकार प्रत्यक्ष मोजण्यात आले, तेव्हा १९९७ मध्ये या निष्कर्षाची पडताळणी झाली. दोन्ही पद्धतींनी मिळालेल्या दिशा जुळल्या.

चंद्रशेखर यांचे भाकीत

या शाखेच्या इतिहासाची सुरुवात एका भारतीय शास्त्रज्ञाच्या गणिताने झाली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४६ मध्ये तप्त ताऱ्याच्या वातावरणातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा सैद्धांतिक अभ्यास केला. अशा वातावरणात इलेक्ट्रॉनांमुळे प्रकाश विखुरतो आणि त्यामुळे ताऱ्याच्या बिंबाच्या मध्यभागी शून्य असलेले ध्रुवण कडेकडे वाढत जाऊन ११.७ टक्क्यांपर्यंत पोहोचते, असे त्यांच्या गणितातून निघाले. संपूर्ण गोल बिंबाचा प्रकाश एकत्र घेतला तर हे ध्रुवण नाहीसे होते. परंतु एका ताऱ्याने दुसऱ्याला ग्रहण लावले आणि बिंबाचा काही भाग झाकला गेला, तर कडेचे ध्रुवण क्षणकाल उघडे पडावे, अशी त्यामागील कल्पना होती.

विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल या अमेरिकी निरीक्षकांनी हा परिणाम पिधानकारी द्वैती ताऱ्यांमध्ये शोधण्याचा प्रयत्न केला. त्यांना ध्रुवण आढळले, परंतु ग्रहणाच्या वेळापत्रकाशी त्याचा काही संबंध नव्हता. ग्रहण असो वा नसो, ध्रुवण तेवढेच राहत होते. आणखी ताऱ्यांची निरीक्षणे घेतल्यावर १९४९ मध्ये स्पष्ट झाले, की हे ध्रुवण ताऱ्याचे नसून ताऱ्यांदरम्यानच्या अवकाशातील धुळीचे आहे. चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेत रांगेने उभे राहिलेले लांबट धूलिकण आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाला ध्रुवित करतात. अशा रीतीने एका गोष्टीच्या शोधात दुसरीच, तितकीच मोलाची गोष्ट हाती आली.

चंद्रशेखर यांनी सांगितलेला मूळ परिणाम द्वैती ताऱ्यात सापडण्यास मात्र १९८३ साल उजाडावे लागले. ओरेगॉन विद्यापीठातील जेम्स केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ययाति तारकासमूहातील अल्गॉल या प्रसिद्ध ताऱ्याच्या ग्रहणकाळात तो आढळला. योगायोगाने त्याच वर्षी चंद्रशेखर यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

एका प्रदक्षिणेत दोन आवर्तने

द्वैती ताऱ्याभोवती तबकडी किंवा वायूचे आवरण असेल, तर ग्रहणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. तारे परस्परांभोवती फिरत असताना आवरणातील द्रव्यावर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा सतत बदलते. त्यामुळे विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणाचे प्रमाण आणि दिशा या दोन्ही गोष्टी कक्षेच्या कालावधीनुसार चढउतार दाखवतात.

हे चढउतार बहुतेक वेळा एका प्रदक्षिणेत दोनदा होतात. ध्रुवणाची दिशा म्हणजे एक रेषा असते, तिला बाणाचे टोक नसते. अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर ताऱ्यांची मांडणी उलट होते, तरीही त्यांना जोडणारी रेषा तीच राहते आणि ध्रुवणाची दिशाही पूर्ववत होते. म्हणूनच ज्या जोडीचा कक्षाकाल ८ दिवसांचा आहे, तिच्या ध्रुवणाचे मुख्य आवर्तन ४ दिवसांचे असते. द्रव्याचे वितरण कक्षेच्या पातळीच्या दोन्ही बाजूंना सारखे नसेल, तर पूर्ण प्रदक्षिणेचे आवर्तनही त्यात मिसळते.

या चढउतारांना गणिती बैठक मिळाली ती १९७८ मध्ये. जॉन ब्राउन, इयान मॅक्लीन आणि गॉर्डन एम्स्ली यांनी मांडलेली रीत त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘बीएमई’ पद्धत म्हणून ओळखली जाते. ध्रुवणाचे मापन दोन राशींत व्यक्त केले जाते. ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या राशी आलेखाच्या दोन अक्षांवर मांडल्या, की प्रदक्षिणेदरम्यान मोजलेले बिंदू एका लंबवर्तुळावर पडतात. कक्षा आपल्याला समोरून, म्हणजे थाळीसारखी दिसत असेल, तर हा आकार वर्तुळाचा होतो. ती कडेने दिसत असेल, तर लंबवर्तुळ चपटे होत होत सरळ रेषेत रूपांतरित होते. लंबवर्तुळाच्या चपटेपणावरून कक्षेचा कल कळतो आणि त्याच्या अक्षाच्या दिशेवरून कक्षा आकाशात कोणत्या बाजूला वळलेली आहे, ते समजते.

वस्तुमानाचा प्रश्न

कक्षेचा कल कळल्याने नेमके काय साधते, हे एका साध्या हिशेबावरून लक्षात येईल. द्वैती ताऱ्याच्या वर्णपटावरून तारे आपल्याकडे किती वेगाने येतात व दूर जातात, हे मोजता येते. परंतु त्यातून मिळते ते वस्तुमान किमान असते. खऱ्या वस्तुमानासाठी त्याला कलाच्या ज्या घटकाने भागावे लागते, तो कल कमी होत गेला की झपाट्याने लहान होतो. वर्णपटावरून एखाद्या ताऱ्याचे किमान वस्तुमान १ सूर्याइतके आले असेल आणि कक्षेचा कल ६० अंश असेल, तर खरे वस्तुमान सुमारे दीड सूर्याइतके भरते. कल ३० अंश असेल, तर तेच वस्तुमान ८ सूर्यांइतके होते. पहिला तारा अब्जावधी वर्षे शांतपणे जळून श्वेतबटू होईल. दुसरा काही कोटी वर्षांतच संपेल आणि त्याचा शेवट महास्फोटात होण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागेल.

दोन्ही तारे परस्परांना ग्रहण लावत असतील, तर कल जवळजवळ ९० अंश आहे हे आपोआप समजते. परंतु बहुसंख्य द्वैती ताऱ्यांमध्ये पृथ्वीवरून ग्रहण दिसत नाही. त्यांच्यासाठी ध्रुवण हा एक आधार ठरतो.

मात्र या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. मोजमापांतील त्रुटींमुळे वर्तुळावर पडावयाचे बिंदू विस्कळीत होतात आणि आकार प्रत्यक्षाहून चपटा भासतो. परिणामी कल नेहमी खऱ्यापेक्षा जास्त, ९० अंशांकडे झुकलेला येतो. कल जास्त आला की वस्तुमान कमी येते. वरील उदाहरणात ३० अंशांचा कल चुकून ६० अंश धरला गेला, तर ताऱ्याचे वस्तुमान जेमतेम एक पंचमांश दाखवले जाईल. हा दोष १९८० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून देण्यात आला. तेव्हापासून या रीतीने काढलेला कल सांगताना त्रुटींचा स्वतंत्र हिशेब देणे आवश्यक मानले जाते.

बीटा लायरी: तबकडीत दडलेला तारा

अभिजित नक्षत्राजवळ, स्वरमंडल तारकासमूहात बीटा लायरी हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तारा आहे. जॉन गुडरिक या श्रवणशक्ती नसलेल्या तरुण इंग्रज निरीक्षकाने १७८४ मध्ये त्याचे तेज बदलते असल्याचे दाखवून दिले. सुमारे १२.९४ दिवसांच्या कक्षेत दोन तारे परस्परांभोवती फिरतात. त्यांतील सुमारे ३ सूर्यांच्या वस्तुमानाचा फुगलेला तारा आपले द्रव्य सुमारे १३ सूर्यांच्या वस्तुमानाच्या जोडीदाराकडे सोडत आहे. या देवघेवीमुळे कक्षाकाल दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतो. द्रव्य घेणारा जोडीदार अधिक वजनदार असूनही सरळ दिसत नाही, कारण त्याच्याभोवती जमलेल्या जाड तबकडीत तो दडलेला आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पाइन ब्लफ वेधशाळेतून या ताऱ्याच्या ध्रुवणाची दीर्घकाळ निरीक्षणे झाली. अतिनील किरणांतील मोजमापे १९९० आणि १९९५ मध्ये अवकाशयानातून नेलेल्या ध्रुवणमापकाने मिळवून दिली. जेनिफर हॉफमन, केनेथ नॉर्डसीक आणि जेफ्री फॉक्स यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात दृश्य प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा आणि अतिनील प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा परस्परांशी काटकोनात असल्याचे आढळले. निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश निरनिराळ्या ठिकाणी विखुरला जात असल्याचे ते चिन्ह होते. तबकडीखेरीज तिच्या पातळीला लंब दिशेने बाहेर पडणारे वायूचे प्रवाहही तेथे असावेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली. तेजाच्या आलेखातील दुय्यम ग्रहण आणि ध्रुवणाच्या आलेखातील तळ एकाच वेळी येणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्यांच्यात ०.२४५ दिवसाचा, म्हणजे सुमारे सहा तासांचा फरक वारंवार आढळला. एका ताऱ्याकडून येणारा द्रव्याचा झोत तबकडीच्या कडेवर जेथे आदळतो, तेथे तप्त डाग तयार झालेला असावा आणि त्यामुळे ध्रुवणाची सममिती ढळत असावी, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. कोणत्याही छायाचित्रात न दिसणारा डाग सहा तासांच्या तफावतीवरून ओळखला गेला.

विरणारी आणि पुन्हा जमणारी तबकडी

दुसरा वर्ग आहे तो अतिवेगाने स्वतःभोवती फिरणाऱ्या तप्त निळ्या ताऱ्यांचा. विषुववृत्तावरून फेकल्या गेलेल्या वायूची तबकडी त्यांच्याभोवती तयार होते आणि वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा उमटतात. इटालियन धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६६ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहातील गॅमा ताऱ्यात अशा रेषा प्रथम पाहिल्या. या वर्गातील अनेक तारे द्वैती आहेत.

कुंभ राशीतील पाय ॲक्वेरी हा त्यांपैकी एक. त्याची तबकडी १९९० च्या दशकात विरत गेली. उरलेल्या उघड्या ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याला ८४.१ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा जोडीदार असल्याचे पुढे आले. पाइन ब्लफ वेधशाळेतील ध्रुवणाच्या नोंदींवरून ही तबकडी विरण्यास सुमारे २४४० दिवस, म्हणजे साडेसहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागल्याचे २०१० मध्ये मांडण्यात आले. हंस तारकासमूहातील ६० सिग्नी या दुसऱ्या द्वैती ताऱ्याच्या बाबतीत हीच क्रिया सुमारे १००० दिवसांत पूर्ण झाली. ध्रुवण मुख्यतः तबकडीच्या ताऱ्यालगतच्या भागात निर्माण होते. त्यामुळे तबकडीला नवा वायू मिळणे कधी थांबले आणि कधी पुन्हा सुरू झाले, हे या मोजमापांतून लवकर लक्षात येते.

तरुण जोड्या आणि धूळ

जन्मानंतर स्थिरावण्याच्या अवस्थेतील द्वैती ताऱ्यांभोवती धुळीच्या तबकड्या असतात. ग्रह अशाच तबकड्यांतून घडतात. दोन तारे असताना तबकडी कोणत्या पातळीत राहते, हा ग्रहनिर्मितीच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या नदीन मॅन्से आणि पिएर बास्तियाँ यांनी २००० पासून पुढील काही वर्षांत या विषयावर लेखमालाच प्रसिद्ध केली. वृषभ, सारथी आणि मृग या तारकासमूहांतील अशा १४ जोड्यांच्या अभ्यासात ७७ टक्के जोड्यांचे ध्रुवण बदलते किंवा बदलत असण्याची शक्यता दिसून आली.

परंतु कक्षेशी निगडित नियमित चढउतार मोजक्याच जोड्यांत स्पष्ट दिसले आणि त्यांचा आवाका अवघा ०.१ टक्क्याच्या आसपास होता. धूलिकण इलेक्ट्रॉनांइतके प्रभावी ध्रुवक नाहीत. शिवाय तरुण ताऱ्यांभोवती अनियमित घडामोडी सतत चालू असतात आणि त्यांच्या गोंधळात कक्षेचा ठसा झाकोळून जातो. म्हणूनच या जोड्यांच्या कक्षांचा कल ‘बीएमई’ पद्धतीने काढणे तूर्त घाईचे ठरेल, असे खुद्द संशोधकांनीच नमूद केले. पद्धत कोठे वापरू नये, हे सांगणारा हा निष्कर्ष तितकाच उपयुक्त ठरला.

मोजमाप कसे होते?

दुर्बिणीतून आलेला प्रकाश प्रथम अर्धलहरी पट्टिकेतून आणि नंतर खास लोलकातून नेला जातो. लोलक प्रकाशाचे परस्परांना लंब कंपने असलेले दोन किरण करतो आणि ताऱ्याच्या दोन प्रतिमा उमटतात. पट्टिका ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर फिरवून दोन्ही प्रतिमांची तीव्रता ताडून पाहिली जाते. ०.०१ टक्का अचूकता हवी असेल, तर सुमारे १० कोटी प्रकाशकण गोळा करावे लागतात. साहजिकच तेजस्वी तारे व मोठ्या दुर्बिणी यांना प्राधान्य मिळते.

यानंतरचे काम अधिक जिकिरीचे असते. हिल्टनर आणि हॉल यांना सापडलेले आंतरतारकीय धुळीचे ध्रुवण प्रत्येक मोजमापात मिसळलेले असते. ते वजा केल्याखेरीज ताऱ्याचे स्वतःचे ध्रुवण हाती येत नाही. त्यासाठी आकाशात त्याच दिशेला असलेल्या शेजारच्या साध्या ताऱ्यांची निरीक्षणे घेतली जातात. धुळीचे ध्रुवण कालानुसार बदलत नाही, हा यातील दिलासा. त्यामुळे चढउतार दिसले, तर ते ताऱ्याकडचेच असतात.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी जवळचा संबंध आहे. पुण्याच्या आयुका संस्थेत ‘इंपोल’ हा प्रतिमादर्शक ध्रुवणमापक घडवण्यात आला. पुणे-नाशिक महामार्गापासून जवळ गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील उपकरणातही ध्रुवणमापनाची सोय करण्यात आली. आंतरतारकीय ध्रुवणाचा विस्तृत नकाशा तयार करण्याच्या ‘पॅसिफे’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी लागणाऱ्या ध्रुवणमापकांची आखणीही आयुकामध्ये झाली आहे. असा नकाशा पूर्ण झाल्यास द्वैती ताऱ्यांच्या मोजमापांतून धुळीचा वाटा वेगळा काढणे सोपे होईल.

तबकडी नसतानाही

उपकरणांची अचूकता वाढली तशी एक नवी अडचणही पुढे आली. चित्रा हा तेजस्वी तारा प्रत्यक्षात चार दिवसांहून किंचित अधिक काळात परस्परांभोवती फिरणारी जोडी आहे. पूर्वीच्या मोजमापांत तिच्या ध्रुवणात बदल आढळला नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अतिसूक्ष्म निरीक्षणांत मात्र दहा लाखांत सुमारे २०० भाग एवढा चढउतार दिसला. त्याचे कारण तबकडी वा वायूचे ढग हे नव्हते. एका ताऱ्याचा प्रकाश दुसऱ्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होत असल्याने हा परिणाम मुख्यतः घडत होता. त्यामुळे जवळच्या जोड्यांमध्ये ध्रुवण बदलते म्हणजे तेथे परिवेष्टित वायू असलाच पाहिजे, हे गृहीत आता तपासून घ्यावे लागते.

पुढील प्रतीक्षा

सारथी तारकासमूहात, ब्रह्महृदय ताऱ्याजवळ असलेला एप्सिलॉन ऑरिगी हा तारा दर २७.१ वर्षांनी सुमारे दोन वर्षांसाठी मंदावतो. त्याला ग्रहण लावणारी वस्तू कोणती, हे दीर्घकाळ कोडे होते. १९८२ ते १९८४ च्या ग्रहणात केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवणाची सातत्याने नोंद घेतली आणि तबकडी व तिचा किंचित कल यांच्या आधारे त्या नोंदींचा अर्थ लावला. २००९ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरील व्यतिकरणमापकाने तेजस्वी ताऱ्यासमोरून सरकणाऱ्या गडद तबकडीच्या प्रतिमाच टिपल्या. २०१० मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या.

अशा प्रतिमा मिळणे हे आजही मोजक्या, जवळच्या आणि तेजस्वी ताऱ्यांपुरतेच शक्य आहे. उरलेल्या असंख्य जोड्यांसाठी प्रकाशाच्या कंपनांची दिशा हाच मार्ग उरतो. एप्सिलॉन ऑरिगीचे पुढील ग्रहण २०३६ मध्ये अपेक्षित आहे. तोवर ज्यांना आकाशात यांपैकी एखादी जोडी पाहावयाची आहे, त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरच्या संध्याकाळी उत्तरेकडे उंचावर अभिजित शोधावा. त्याच्या जवळच असलेल्या बीटा आणि गॅमा या दोन ताऱ्यांची रोज तुलना केली, तर एरवी गॅमाच्या जवळपास तेजस्वी असणारा बीटा दर तेरा दिवसांनी एकदा त्याच्यापेक्षा ठळकपणे मंद झालेला नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्याच्या प्रकाशातील तबकडी मात्र ध्रुवणमापकालाच दिसते.